वीस-एकवीसचा फरक : ‘विंडेज’ या शब्दाचा अर्थ आणि उपयोग

(गुरुजींच्या स्मृतिदिनी शाळेच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



ज्या इमारतीत मी भूमितीचे पहिले प्रमेय शिकलो, त्याच इमारतीत गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक आभारी आहे. मी साहित्यिक नाही आणि इतिहाससंशोधकही नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्र्यांत आणि लेथच्या आवाजात माझे आयुष्य गेले. त्यामुळे आमंत्रण आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. मग आठवले की गुरुजींनी मला दोन प्रश्न घातले होते. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर मी त्यांना पत्राने कळवले होते. दुसऱ्याचे उत्तर सापडायला पुष्कळ वर्षे लागली, आणि त्याची किंमत मी एकट्याने मोजली नाही. ते दोन्ही प्रश्न आणि त्यांची उत्तरे आज आपल्यापुढे ठेवावीत, एवढाच माझा हेतू आहे.

आमच्या वेळी शनिवारची शाळा सकाळची असे. शेवटच्या तासाला गुरुजी पाठ्यपुस्तक मिटून ठेवत आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एखादा अपरिचित शब्द लिहीत. अशाच एका शनिवारी त्यांनी ‘विंडेज’ हा शब्द लिहिला. खाली दोन वर्तुळे काढली. मोठ्या वर्तुळाच्या आत लहान वर्तुळ, आणि दोन्ही तळाशी एकमेकांना टेकलेली. ते म्हणाले, “हे मोठे वर्तुळ म्हणजे जहाजावरच्या तोफेची नळी. हे लहान वर्तुळ म्हणजे तिच्यातला गोळा. आपण बोलताना उन्नीस-बीसचा फरक म्हणतो. तोफेतला फरक वीस-एकवीसचा असे. नळीचा व्यास एकवीस भाग, तर गोळ्याचा वीस भाग. नळीचा कितवा हिस्सा मोकळा राहिला, सांगा पाहू.”

व्यासांचे वर्ग केले की उत्तर सोपे आहे. ४४१ मधून ४०० वजा जाता ४१ उरतात. म्हणजे नळीच्या तोंडाचा शेकडा नऊहून थोडा अधिक भाग उघडा राहतो. आम्ही उत्तर सांगितले. गुरुजी म्हणाले, “क्षेत्रफळ बरोबर आले. पण इंग्रजांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा त्या फटीतून दारूचा चौथ्यापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत जोर वाया जातो असे आढळले. फट नऊ टक्क्यांची आणि गळती पंचवीस-तीस टक्क्यांची, हे कसे?” वर्गात कोणालाच सांगता येईना. घंटा झाली. फळा पुसता पुसता ते म्हणाले, “मलाही नीटसे ठाऊक नाही. तुमच्यापैकी कोणी शोधले तर मला सांगा.” आपल्याला ठाऊक नाही असे वर्गासमोर सांगणारे शिक्षक मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

आता शब्दाकडे वळतो. इंग्रजीत वाऱ्याला ‘विंड’ म्हणतात. पोस्टेज, मायलेज, लीकेज या आपल्या रोजच्या वापरातल्या शब्दांत जो प्रत्यय आहे, तोच त्याला लागून ‘विंडेज’ हा शब्द झाला. तोफेच्या नळीचा व्यास आणि गोळ्याचा व्यास यांतील फरक हा त्याचा गोलंदाजीतील अर्थ. गोळा आणि नळी यांच्यामधून वारा जाण्यापुरती जी जागा ठेवतात, ती विंडेज. अठराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारात या फरकाचे प्रमाण ठरलेले होते. गोळ्याच्या व्यासाचा विसावा भाग, म्हणजेच गुरुजींचे वीस आणि एकवीस.

प्रत्यक्ष आकड्यांत पाहिले तर चित्र स्पष्ट होईल. त्या आरमारातील मोठ्या लढाऊ जहाजांच्या खालच्या मजल्यावर बत्तीस पौंडी तोफा असत. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या जहाजावर १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत अशा तीस तोफा होत्या. ते जहाज आजही पोर्ट्समथच्या गोदीत जतन केलेले आहे. अशा तोफेचे वजन पावणेतीन टनांच्या घरात जाई. गोळा साडेचौदा किलोंचा, त्याचा व्यास सुमारे ६.१० इंच, नळीचा व्यास सुमारे ६.४१ इंच. फरक तीन दशांश इंचाचा, म्हणजे जवळजवळ पाऊण सेंटिमीटर. गोळा तळाशी टेकलेला असल्यामुळे ही सगळी फट त्याच्या माथ्यावर येई. तिच्यातून करंगळीचे टोक सहज जावे! फट एवढी मोठी की जहाज हेलकावले तर भरलेला गोळा घरंगळून समुद्रात पडायचा. म्हणून गोळ्यावर जुन्या दोरखंडाच्या काथ्याचा बोळा गजाने ठासून बसवावा लागे.

या फटीचे तोटे दोन. पहिला तोटा जोराचा. दारू पेटल्यावर निर्माण झालेला वायू गोळ्याला ढकलण्याऐवजी त्याच्या डोक्यावरून निसटून जाई. दुसरा तोटा नेमाचा. सैल गोळा नळीतून सरळ जात नसे. वरून निसटणाऱ्या वायूने तो खाली दाबला जाई, तळावर आपटून वर उसळे, पुन्हा माथ्यावर आपटे, आणि तोंडापाशी शेवटची टक्कर जिकडे होईल त्याच्या उलट दिशेला बाहेर पडे. गोलंदाजाने नेम कितीही काळजीपूर्वक धरला तरी ती शेवटची टक्कर कोठे होणार, हे त्याच्या हाती नव्हते. शत्रूच्या जहाजाला अगदी जवळ जाऊन भिडण्याची त्या काळच्या दर्यावर्दी सेनानींची जी रीत होती, तिच्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते.

या विषयाला शास्त्राचे रूप दिले ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ साली प्रसिद्ध झाला. जड लाकडी लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती मागे झुलला त्यावरून गोळीचा वेग काढायचा, अशी त्याची युक्ती होती. सैल गोळ्याच्या नळीतील आपटण्याकडे आणि त्यामुळे त्याला मिळणाऱ्या गिरकीकडेही त्याने लक्ष वेधले. या रॉबिन्सचा शेवट आपल्या देशात झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची दुरुस्ती करण्यासाठी तो मद्रास इलाख्यात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

त्याचे काम पुढे नेले चार्ल्स हटन यांनी. विद्यार्थी मित्रांनी हे नाव लक्षात ठेवावे. हटन हे न्यूकॅसलच्या कोळसा खाणीतल्या कामगाराच्या घरचे. लहानपणी त्यांनी स्वतः खाणीत काम केले. पुढे ते शाळामास्तर झाले, आणि १७७३ मध्ये वुलिच येथील लष्करी विद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी खऱ्या तोफांवर प्रयोग केले. १७७८ साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. प्रचलित विंडेजमुळे दारूचा चौथा ते तिसरा हिस्सा फुकट जातो, हा निष्कर्ष हटन यांचाच. मुंबईत १८२० च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने मराठीत गणिताची पाठ्यपुस्तके सिद्ध केली. त्यांना आधार हटन यांच्या ग्रंथांचा होता. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी जे गणित मराठीतून गिरवले, त्याचा एक झरा या खाणकामगाराच्या मुलापर्यंत जाऊन पोहोचतो.

गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी सापडले. वायू अतिशय हलका असतो आणि गोळा जड असतो. दारू पेटते त्या क्षणी गोळा जागचा जेमतेम हललेला असतो, पण वायू मात्र फटीतून प्रचंड वेगाने धावू लागलेला असतो. म्हणून फटीचे क्षेत्रफळ नऊ टक्के असले तरी तिच्यातून जाणाऱ्या वायूचा वाटा त्याच्या कितीतरी पट होतो. मोठ्या आनंदाने मी हे पोस्टकार्डावर लिहून गुरुजींना पाठवले. आठ दिवसांत उत्तर आले. त्यात दोनच वाक्ये होती. उत्तर बरोबर आहे, हे पहिले. दुसरे असे की, एवढे नुकसान होते हे ठाऊक असूनही शहाण्या माणसांनी ती फट शंभर वर्षे का ठेवली, हे आता शोधावे.

मला तो प्रश्न सोपा वाटला. जुन्या लोकांना नीट काम येत नव्हते, म्हणून फट ठेवली! असे मनात म्हणून मी तो बाजूला ठेवला.

पुढे नोकरी लागली. मी तरुण, पदवीधर, एका पंप तयार करणाऱ्या कारखान्यात यंत्रशाळेचा प्रमुख. पंपाचा शाफ्ट ज्या बुशमध्ये फिरतो, त्या दोहोंत थोडी फट ठेवावी लागते. ड्रॉइंगवर ती आकड्यांत लिहिलेली असते. मला ती फट फार वाटली. फट कमी केली की गळती कमी होईल आणि पंपाचे काम सुधारेल, हा माझा हिशेब होता. कागदावर तो बरोबर होता. मी ड्रॉइंगवरचा आकडा निम्मा केला आणि सही केली.

आमच्या लेथवर एक वयस्क टर्नर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ड्रॉइंग हातात घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सायेब, आकडा बरा हाय, पर ह्या लेथात तेवढं बसत न्हाई.” मी म्हणालो, “मामा, कामाची सवय बदलायला हवी. ड्रॉइंगप्रमाणे करा.” ते काही न बोलता गेले. पुढच्या महिन्यात निम्मे काम नापास झाले. जे घासूनपुसून पास केले, त्यातले काही पंप उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या विहिरींवर जाऊन जाम झाले. ऊस वाळत होता, आणि शेतकरी पंप बैलगाडीत घालून कारखान्याच्या दारात उभे होते. चौकशी झाली. मी मामांना लेखी ज्ञापन दिले. कामात निष्काळजीपणा, असे त्यात लिहिले होते. दोन महिन्यांनी मामा काम सोडून गेले.

त्यानंतर तो लेथ दुरुस्तीला काढला. तेव्हा मी स्वतः डायल लावून त्याचा स्पिंडल तपासला. स्पिंडल इतका झिजला होता की मी मागितलेली अचूकता त्या यंत्रावर देणे कोणत्याही हाताला शक्य नव्हते. मामा वर्षानुवर्षे त्या झिजलेल्या यंत्राला सांभाळून जुन्या आकड्याचे काम देत होते. जुना आकडा ज्याने लिहिला होता, त्याला आपले यंत्र ठाऊक होते. मला फक्त सूत्र ठाऊक होते.

त्या रात्री मला गुरुजींचे पोस्टकार्ड आठवले, आणि तोफेकडे मी पुन्हा नव्याने पाहिले.

त्या आरमारातले गोळे बिडाचे, ओतीव. साच्यातून निघालेला कोणताही गोळा पुरता गोल नसतो, हे फौंड्रीत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. गोळे डेकवर उघड्या खाचांत ठेवलेले. खारा वारा लागून त्यांवर गंज चढे. गंज हातोड्याने झाडावा तर गोळा वाकडातिकडा होई, आणि गंजू नये म्हणून रंग द्यावा तर व्यास वाढे. आठ-दहा बार झाले की दारूची काजळी नळीत साचून नळीच अरुंद होई. शत्रूच्या जहाजांना आग लावण्यासाठी गोळा लाल तापवून भरायचा झाला तर तो फुगे. शिवाय हे सारे धुरात, अंधाऱ्या मजल्यावर, डोलणाऱ्या जहाजावर आणि अतिशय घाईने करायचे. गोळा अर्ध्या वाटेवर अडकला तर ती तोफ निकामी, आणि अडकलेल्या गोळ्यामागे दारू पेटली तर तोफ फुटून आपलीच माणसे मरत. ती फट ठेवणारे लोक अडाणी नव्हते. आपल्या ओतकामाच्या, आपल्या हवेच्या आणि आपल्या माणसांच्या मर्यादा त्यांनी मोजल्या होत्या, आणि त्यांची बेरीज एकविसाव्या भागाएवढी आली होती.

मग ती फट कमी कशी झाली? हुकमाने झाली नाही. आधी कारागिरी सुधारावी लागली. पूर्वी तोफ ओतताना मधोमध कोअर ठेवून पोकळी तयार करीत. ओतण्याच्या वेळी कोअर जरा सरकला की नळी वाकडी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मारिट्झ नावाच्या स्विस कारागिराने तोफ भरीव ओतून मग आतून कोरण्याची पद्धत रुळवली, आणि १७७० नंतर ती वुलिचच्या कारखान्यात आली. गोळ्यांसाठी दोन कड्यांची मापे वापरात होती. मोठ्या कड्यातून गोळा गेला पाहिजे आणि लहान कड्यातून जाता कामा नये. उद्यमबागेत आज प्रत्येक तपासनिसाच्या हाताशी जो ‘गो, नो-गो’ गेज असतो, त्याचा हा पूर्वज. फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल यांनी १७६५ पासून भूसेनेच्या तोफखान्यात ही मापे कडकपणे लागू केली, आणि त्यामुळेच त्यांना विंडेज कमी करता आली.

या सुधारणेचे फळ म्हणजे ‘कॅरोनेड’ नावाची तोफ. स्कॉटलंडमधील फॉलकर्कजवळच्या कॅरन कंपनीने ती १७७० च्या दशकाच्या अखेरीस तयार केली. ती आखूड आणि हलकी होती. बत्तीस पौंडी कॅरोनेडचे वजन त्याच गोळ्याच्या लांब तोफेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरे. तिची नळी ६.२५ इंचांची, म्हणजे फट निम्मी. गळती घटल्यामुळे थोड्या दारूत काम भागे आणि कमी माणसांना ती चालवता येई. १७८२ मध्ये केवळ कॅरोनेड घेऊन निघालेल्या ‘रेनबो’ या इंग्रज जहाजाने ‘हेबे’ हे फ्रेंच जहाज पकडले, तेव्हा तिचा फार बोलबाला झाला. मात्र फट कमी झाली म्हणजे सगळे साधले असे नव्हे. कॅरोनेडचा पल्ला आखूडच राहिला. १८१४ मध्ये चिली देशातील वालपरायसो येथे अमेरिकेच्या ‘एसेक्स’ या जहाजावर चाळीस कॅरोनेड आणि लांब तोफा अवघ्या सहा होत्या. इंग्रज जहाजांनी दूर राहून लांब तोफांचा मारा केला, आणि ‘एसेक्स’ला शरण जावे लागले. तिच्या कप्तानाने ही उणीव आधीच वरिष्ठांना कळवली होती. त्याचे ऐकले गेले नव्हते. हे वाचताना मला मामा आठवतात.

तोफेतली फट कमी करण्याच्या या खटपटीतून लढाईपलीकडे एक मोठे काम झाले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. जेम्स वॅट यांनी वाफेच्या यंत्राची कल्पना १७६९ मध्ये नोंदवली, पण त्यांना सिलिंडर नीट गोल मिळेना. दट्ट्या आणि सिलिंडर यांमधून वाफ निसटे. चिंध्या, बूच, जुन्या टोपीचा नमदा, असे नाना उपाय त्यांनी करून पाहिले. पुढे जॉन विल्किन्सन यांनी १७७४ मध्ये तोफा कोरण्याच्या नव्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि त्याच धाटणीच्या यंत्रावर वॅट यांचे सिलिंडर कोरून दिले. पन्नास इंचांच्या सिलिंडरमध्ये चूक राहिली ती एका जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीहून कमी. वॅट यांचे यंत्र चालले ते या अचूकतेमुळे. तरीही नाण्याच्या जाडीच्या आतली का होईना, फट राहिलीच, आणि तिच्यासाठी दट्ट्याभोवती गुंडाळी लागलीच.

आपल्याकडे काय होते, असे कोणी विचारील. मराठीत तोफेला ‘भांडे’ म्हणत, आणि बत्ती देण्याच्या छिद्राला ‘काना’. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे, आणि कोल्हापूरच्या गादीशी निगडित. आपण त्याचे शेजारीच आहोत. त्यातील दुर्गप्रकरणात पावसाळ्यात भांड्यांना तेल-मेण द्यावे, काने मेणाने बुजवावेत, वर झाकणे घालावीत, अशी ताकीद आहे. वाचताना ती घरगुती काळजी वाटते. पण गंज चढला की गोळा आणि नळी यांचे माप बिघडते, हे ज्याने हाताने अनुभवले आहे त्यालाच त्या दोन ओळींचे मोल कळेल. कोकणच्या किनाऱ्यावरची हवा तर आणखी दमट आणि खारी. कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांवरील आणि जलदुर्गांवरील गोलंदाजांना ही रोजची चिंता असणारच.

विंडेजला मराठी प्रतिशब्द कोणता द्यावा, यावर मी बरेच दिवस विचार केला. ‘फट’ म्हटले की दोष वाटतो. ‘अंतर’ म्हटले की ते उगीचच पडले असे वाटते. मला ‘वाव’ हा शब्द योग्य वाटतो. सुतार चौकटीत दार बसवताना पावसाळ्यात लाकूड फुगेल म्हणून वाव ठेवतो. आपण मुलाच्या गुणांना वाव देतो. वाव हा जाणूनबुजून, समोरची वस्तू ओळखून ठेवलेला असतो. तो फार झाला तर दार खडखडते, कमी पडला तर अडकते.

गोलंदाजीतील विंडेजचा शेवटही पाहून घेऊ. हॉवर्ड डग्लस यांनी १८२० च्या आपल्या ग्रंथात विंडेज कमी करण्याचा आणि गोलंदाजांना पद्धतशीर शिक्षण देण्याचा आग्रह धरला. ‘एक्सलंट’ या जहाजावर १८३० मध्ये इंग्लंडच्या आरमाराची गोलंदाजीची शाळा निघाली. म्हणजे यंत्राची अचूकता आणि माणसाचे शिक्षण या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच वेळी मागितल्या. पुढे नळीत आटे पाडण्याची पद्धत आली, गोळा लांबट झाला. तोंडाकडून भरायच्या तोफांत तरीही थोडा वाव लागेच, आणि त्यातून धावणारा तप्त वायू नळीचे पोलाद कुरतडू लागला. तेव्हा १८७० च्या दशकाच्या अखेरीस गोळ्याच्या बुडाशी तांब्याची चकती आली. ती दाबाने पसरून फट बुजवी. शेवटी मागून भरायच्या तोफा रूढ झाल्या आणि गोळ्याभोवतीचे तांब्याचे कडे नळीच्या आट्यांत घट्ट रुतू लागले. वावाची गरज संपली.

वस्तू गेली तरी शब्द राहिला आणि नव्या घरी नांदू लागला. आज बंदुकीच्या नेमपट्टीचे डावे-उजवे सरकणे म्हणजे विंडेज. खलाशाच्या बोलण्यात जहाजाच्या ज्या भागावर वारा अडतो तो विस्तार म्हणजे विंडेज. आमच्या विजेच्या मोटरीत फिरणारा भाग हवा घुसळतो, त्यात जी शक्ती खर्च होते तिलाही विंडेजचीच हानी म्हणतात. या सर्व अर्थांत वारा मात्र कायम राहिला आहे.

आता गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. वाव हे अज्ञानाचे नव्हे, आपल्या कारागिरीच्या आजच्या मर्यादेचे माप आहे. तो कमी करणे चांगले, पण तो हक्क आधी यंत्र, हात आणि माप सुधारून मिळवावा लागतो. लेथ न सुधारता ड्रॉइंगवरचा आकडा निम्मा करणारा माणस तोफ फोडतो, आणि इजा होते ती तोफेपाशी उभ्या असलेल्याला.

मामांना दिलेले ज्ञापन मी मागे घेतले. तो कागद घेऊन त्यांच्या गावी गेलो. त्यांनी मला कट्ट्यावर बसवले, चहा दिला. मी स्पिंडलची झीज सांगितली. ते म्हणाले, “मोजलासा न्हवं, बरं झालं. पर आधी मोजायचं असतंय.” कागद त्यांनी घडी न उलगडता खिशात ठेवला. कामावर परत या म्हणालो, पण ते आले नाहीत.

तेथून परतताना मी गुरुजींकडे गेलो आणि सारी हकीगत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. नंतर एवढेच म्हणाले, “तू वर्गात असताना तुझ्या वहीतली खाडाखोड मी चालवून घेत असे. का, ते आता तुला कळले असेल.” मला कळले होते. मी घाईने लिहिणारा, आकडे उलटसुलट मांडणारा मुलगा होतो. त्यांनी माझ्या वहीत वाव ठेवला होता, आणि दर वर्षी माझ्या नकळत तो थोडाथोडा कमी करीत आणला होता. दहावीच्या वर्षी एका खाडाखोडीसाठी त्यांनी मला सबंध गणित पुन्हा करायला लावले, तेव्हा मला राग आला होता. तोवर माझा हात तेवढा तयार झाला आहे, हे त्यांनी मोजलेले होते.

येथे बसलेल्या शिक्षकांना मी काय सांगणार? आपल्या शाळेत आजही वेगवेगळ्या घरांतून मुले येतात. कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या घरी कन्नड, आणि कोणाच्या घरी अभ्यासाला बसायला जागा नसते. त्यांच्याकडून अचूकता जरूर मागावी. अचूकता शिकवणे हेच शाळेचे काम. एवढीच विनंती की आकडा कमी करण्यापूर्वी स्पिंडल एकदा मोजावा. विद्यार्थी मित्रांना सांगतो की तुम्हाला मिळालेला वाव कायमचा नाही. तो तुम्ही स्वतः कमी करायचा आहे, म्हणूनच तो ठेवलेला आहे.

गुरुजींचे ते पोस्टकार्ड माझ्याजवळ आहे. ते मी आज शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करतो. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात शनिवारी एक शब्द लिहिण्याची त्यांची प्रथा पुन्हा सुरू व्हावी, अशी इच्छा व्यक्त करतो.